ब्राझील नट : जंगलाशिवाय न फळणारे झाड

काजू हा मूळचा आपला नव्हे, हे आता बहुतेकांस ठाऊक असते. सोळाव्या शतकात पोर्तुगीजांनी तो ब्राझीलहून आणून गोव्यात लावला. 'काजू' हे नावसुद्धा तिकडच्या तुपी लोकांच्या भाषेतून पोर्तुगीजांच्या तोंडून आपल्याकडे आले. पुढे तो कोकणात असा काही रुजला की वेंगुर्ल्याच्या माणसाला 'हा परदेशी बरे का' असे सांगितले तर तो आपल्याकडेच संशयाने पाहील. रबराचीही कथा अशीच. १८७६ साली हेन्री विकहॅम नावाच्या इंग्रजाने ॲमेझॉनच्या खोऱ्यातून रबराच्या सुमारे ७०,००० बिया लंडनच्या क्यू उद्यानात पोचविल्या. तेथे उगवलेली रोपे सिंहलद्वीपात व मलायात गेली, आणि पुढच्या चाळीसएक वर्षांत आशियातील मळ्यांनी ॲमेझॉनच्या रबराचा बाजार पार बसविला. मग त्याच जंगलातले तिसरे एक झाड, ज्याचे बी जगभर काजू-बदामांच्या पंक्तीला बसते, ते मात्र आपले जंगल सोडून कोठेही नांदले नाही, हे कसे? बाहेर लावून पाहिले नाही असे नाही. झाड उगवते, वाढतेही. पण आजदेखील बाजारात येणारे ब्राझील नट जवळजवळ सगळे रानातून वेचून आणलेले असतात.

शाळेच्या भूगोलात 'ॲमेझॉनचे खोरे' आले की रबर, महोगनी, ब्राझील नट अशी नावे आपण एका दमात पाठ करतो आणि पुढच्या प्रकरणाकडे वळतो. त्या तीन नावांतल्या शेवटच्या नावाशी जरा थांबावे, एवढाच या लेखाचा हेतू आहे.

प्रथम नावाविषयी. 'ब्राझील नट' हे इंग्रज व्यापाऱ्यांचे नाव. खुद्द ब्राझीलमध्ये त्याला 'कास्तान्या दो पारा' म्हणजे पारा प्रांताचे चेस्टनट म्हणत आले आहेत. सरहद्दीपलीकडे बोलिव्हियात त्याला 'आल्मेंद्रा', म्हणजे चक्क बदाम, म्हणतात. गंमत अशी की १९९० नंतरच्या काळात या मालाची सर्वांत मोठी निर्यात बोलिव्हिया करीत आला आहे, ब्राझील नव्हे. वनस्पतिशास्त्राच्या दृष्टीने 'नट' हा शब्दही चूकच. ते कवचफळ नसून मोठ्या फळाच्या आतले बी आहे. शास्त्रीय नाव बर्थोलेशिया एक्सेल्सा. १७९९ ते १८०४ या काळात अलेक्झांडर फॉन हुम्बोल्ट आणि एमे बोनप्लाँ हे दोघे दक्षिण अमेरिकेत हिंडले. त्यांनी या झाडाची शास्त्रीय नोंद केली आणि बर्थोले या फ्रेंच रसायनशास्त्रज्ञाचे नाव त्याला दिले. या वंशात ही एकच जाती आहे.

कुळ मात्र आपल्या ओळखीचे निघते. शंकराच्या देवळाजवळ किंवा एखाद्या जुन्या बागेत कैलासपतीचे झाड पुष्कळांनी पाहिले असेल. खोडालाच फुटलेली गुलाबी-लाल फुले, आणि फुलात शिवपिंडीवर नागाने फणा धरावा तशी झुकलेली पुंकेसरांची छत्री. हे झाड मूळचे दक्षिण अमेरिकेतलेच, आणि ब्राझील नटचे अगदी जवळचे भाऊबंद. सह्याद्रीत उन्हाळ्याच्या तोंडी फुलणारा कुंभा आणि कोकणातले समुद्रफळ ही त्याच मोठ्या कुटुंबातली, जरा दूरच्या शाखेची. तेव्हा पुढे फुलाचे वर्णन येईल तेथे वाचकांनी कैलासपतीचे फूल डोळ्यांसमोर आणावे. काम पुष्कळ सोपे होईल.

झाड प्रचंड असते. तीस मीटर उंची ही सामान्य गोष्ट, पन्नास मीटरपर्यंत पोचलेलीही झाडे आहेत. म्हणजे पंधरा मजली इमारत. खोड सरळसोट, एक-दोन मीटर व्यासाचे, आणि निम्म्याहून अधिक उंचीपर्यंत फांदीच नाही. ॲमेझॉनचे जंगल वरून पाहिले तर इतर झाडांच्या हिरव्या छपरातून जी थोडी डोकी वर आलेली दिसतात त्यांत हे एक. मोठ्या झाडांचे वय कार्बनच्या पद्धतीने काढले असता काही झाडे चारशे वर्षांच्या घरात निघाली आहेत. म्हणजे शिवाजीमहाराजांच्या जन्माच्या सुमारास रुजलेले झाड आज फळ देत उभे असू शकते.

आता फूल. कैलासपतीच्या फुलात नागाचा फणा वर उचललेला असतो, त्यामुळे कोणताही किडा आत सहज शिरू शकतो. ब्राझील नटच्या पिवळसर पांढऱ्या फुलात हाच फणा खालच्या केसरांच्या कड्यावर घट्ट दाबून बसविलेला असतो, डबीवर झाकण बसावे तसा. मध आणि पराग दोन्ही आत. साध्या लहान मधमाशीला हे झाकण उचलत नाही. त्यासाठी अंगापिंडाने दणकट माशी लागते : आपल्याकडील लाकूड पोखरणाऱ्या भुंग्याची तिकडची भावंडे, आणि ऑर्किड-माश्या म्हणून ओळखल्या जाणाऱ्या मोठ्या, केसाळ माश्या. ती जोर लावून फणा उचलते, आत घुसते, मध घेते, आणि तिच्या पाठीला लागलेला पराग घेऊन दुसऱ्या झाडावर जाते. दुसऱ्याच झाडावर गेली पाहिजे, कारण स्वतःच्या परागाने या झाडाला बहुधा फळ धरत नाही. फूल पहाटे उमलते आणि त्याच दिवशी गळते. एवढ्या वेळेत हे सगळे घडावयाचे.

या ऑर्किड-माश्यांबद्दल एक गोष्ट फार लोकप्रिय आहे. नर माश्या ऑर्किडच्या फुलांतून सुगंध गोळा करतात व त्या सुगंधावर माद्या भुलतात, म्हणून ऑर्किड नसेल तर माशी नाही, आणि माशी नसेल तर ब्राझील नट नाही, अशी ती साखळी. ऐकायला सुरेख आहे, आणि नर सुगंध गोळा करतात हे खरेही आहे. पण तो त्यांना ऑर्किडखेरीज इतर ठिकाणीही मिळतो, आणि फुलाचे झाकण उचलण्याचे काम एकट्या या माशीचे नव्हे. मला तर या साखळीपेक्षा एक साधा हिशेब अधिक पटतो. झाडाचा बहर दोन-तीन महिन्यांचा. उरलेले नऊ-दहा महिने या मोठ्या माश्यांनी खावयाचे काय आणि राहावयाचे कोठे? त्यांना वर्षभर कोणते ना कोणते फूल हवे, घरटे करण्यास पोकळ लाकूड, ढोल्या आणि माती हवी. ते सर्व आजूबाजूच्या जंगलात असते. काजूची फुले उघडी, साधी. कोणताही येरागबाळा किडा त्यांचे काम करून जातो. शिवाय काजू तीन-चार वर्षांत फळाला येतो आणि कातळाच्या जमिनीवरही तग धरतो. ब्राझील नटचे बीपासून लावलेले झाड चांगले ऊन मिळाले तरी फळ धरण्यास आठ-दहा वर्षे घेते. कलमे बांधली तर हा काळ कमी होतो, हे खरे; परंतु माश्यांचा प्रश्न कलमाने सुटत नाही. खुद्द ॲमेझॉनमध्ये जेथे जंगल साफ करून याची लागवड झाली तेथे उत्पन्नाने मालकांची निराशाच केली.

फूल फळले तरी घाई नाही. फळ पिकण्यास चौदा-पंधरा महिने लागतात, म्हणजे झाडावर या वर्षीची फुले आणि गेल्या वर्षीची फळे एकाच वेळी असतात. फळ नारळाएवढे, गोल, तपकिरी, आणि कवटी सेंटीमीटरभर जाडीच्या लाकडाची. वजन दोन किलोपर्यंत जाते. आत संत्र्याच्या फोडींसारख्या रचलेल्या दहा ते पंचवीस तिकोनी बिया, आणि प्रत्येक बीला पुन्हा आपले स्वतंत्र टणक कवच. पावसाळ्यात, म्हणजे तिकडच्या हिशेबाने साधारण डिसेंबर ते मार्चमध्ये, ही फळे खाली पडतात. हवेचा अडथळा सोडून दिला तर चाळीस मीटरवरून सुटलेली वस्तू जमिनीवर येताना ताशी शंभर किलोमीटरचा वेग घेते. दोन किलोचा लाकडी गोळा या वेगाने डोक्यात बसला तर काय होईल हे सांगावयास नको. अशी माणसे मेली आहेत. म्हणून वेचणारे लोक वारा सुटला की झाडाखाली जात नाहीत, आणि बहुतेक फळे पडून जाईपर्यंत वाट पाहतात.

एवढ्या उंचीवरून आपटूनही कवटी फुटत नाही. तिच्या एका टोकाला लहानसे भोक असते, पण ते बीपेक्षा लहान. म्हणजे बिया आतच अडकून राहणार! निसर्गाने कुलूप केले आणि किल्ली दुसऱ्याच कोणाच्या खिशात ठेवली, असा हा प्रकार. ती किल्ली अगूती नावाच्या प्राण्याच्या तोंडात आहे. ससा आणि घूस यांच्या मधला वाटावा असा हा कृंतक प्राणी पटाशीसारख्या दातांनी त्या भोकाची कड कुरतडून मोठी करतो आणि बिया बाहेर काढतो. काही माकडेही क्वचित हे साधतात, पण भरवसा अगूतीचाच. पोट भरले की उरलेल्या बिया तो एकेक करून इकडेतिकडे जमिनीत पुरून ठेवतो, पुढच्या वाईट दिवसांची बेगमी म्हणून. काही त्याला सापडत नाहीत, काही पुरणाराच एखाद्या रानमांजराच्या तावडीत सापडतो. अशा राहून गेलेल्या बिया वर्ष-दीड वर्षाने उगवतात. नंतर रोप सावलीत वर्षानुवर्षे खुरटून बसते. शेजारचे एखादे म्हातारे झाड कोसळून वरच्या छपराला भगदाड पडले आणि ऊन खाली आले, की ते उंच होऊ लागते. म्हणजे फळाला माशी, बीला अगूती आणि रोपाला दुसऱ्या झाडाचा मृत्यू, असे तिन्ही जमावे लागते.

यात चौथे नाव माणसाचे घालावयास हवे. ॲमेझॉनच्या कित्येक भागांत ही झाडे विखुरलेली नसून राया कराव्यात तशी गटागटाने आढळतात. या गटांचा जुन्या आदिवासी वस्त्यांशी संबंध असावा असे अनेक संशोधकांस वाटते. लोकांनी बिया नेल्या, शेतासाठी जंगल मोकळे केले, रोपे राखली. आपण ज्याला 'आदिम अरण्य' म्हणतो त्यातला काही भाग हजारो वर्षांच्या राबत्याने घडलेला आहे, हा विचार आता चांगलाच रुजला आहे.

अलीकडच्या इतिहासातील वेचणारे मात्र बहुतेक रबराच्या मागे आलेले. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात ब्राझीलच्या दुष्काळी ईशान्य भागातून हजारो माणसे रबराचा चीक काढण्यासाठी जंगलात गेली. १९१२ च्या सुमारास आशियाच्या मळ्यांपुढे तो धंदा कोसळला. मालक निघून गेले, माणसे राहिली. कोरड्या दिवसांत रबर आणि पावसात ब्राझील नट, असे त्यांचे वर्ष दोन कामांत विभागले गेले. त्यातल्या दुसऱ्या कामाला जंगल तोडावे लागत नाही, नांगर लागत नाही, खत लागत नाही. लागतात ते पाय आणि पाठ. सकाळी पाठीला टोपली बांधून पायवाटेने एका झाडावरून दुसऱ्या झाडाकडे जावयाचे. टोक फोडलेल्या काठीने फळ चिमटून टोपलीत टाकावयाचे, म्हणजे पाचोळ्यात हात घालून साप चावून घ्यावा लागत नाही. फळांचा ढीग करून एकेक कवटी कोयत्याने फोडावयाची. बिया ओढ्यावर धुवावयाच्या. किडक्या-पोकळ वर तरंगतात, त्या काढून टाकावयाच्या. मग साठ-सत्तर किलोचे पोते पाठीवर घेऊन चिखलातून नदीपर्यंत किंवा रस्त्यापर्यंत चालावयाचे. ब्राझीलमध्ये मोजमाप अठरा लिटरच्या पत्र्याच्या डब्याने होते. आपल्याकडे रॉकेलचा डबा असे त्याच मापाचा.

डबा भरला तरी पैसा हातात पडत नसे. हंगामापूर्वी मालकाकडून पीठ, मीठ, काडतुसे, औषधे उधारीवर घ्यावयाची, त्यांची किंमत मालकाने ठरवावयाची, आणि हंगाम संपल्यावर मालाची किंमतही त्यानेच ठरवावयाची. या पद्धतीला तिकडे 'अव्हियामेंतो' म्हणत. आपल्या आदिवासी भागात सावकाराच्या खावटीवर पावसाळा काढलेल्या कुटुंबांना तिचे भाषांतर करून सांगण्याची गरज नाही. पुढची पायरी म्हणजे कारखाना. बोलिव्हियातील रिबेराल्ता या गावी बिया फोडण्याचे कारखाने आहेत. तेथे तरफेच्या लहान यंत्राखाली एकेक बी ठेवून ती अखंड निघेल अशा बेताने फोडण्याचे काम मुख्यतः बायका करीत आल्या आहेत. सिंधुदुर्गातील काजूच्या कारखान्यात ज्यांनी बायकांची काळवंडलेली बोटे पाहिली आहेत, त्यांना हे दृश्य कल्पिता येईल.

बीच्या गुणांविषयी थोडक्यात. दोन-तृतीयांश वजन तेलाचे. सेलेनियम या क्षाराचे प्रमाण तर असे की दिवसाला एक-दोन बिया पुरे होतात. मूठ-मूठ रोज खाणे अंगाशी येऊ शकते. पदार्थविज्ञानाच्या मंडळींनी या बीवरून एका प्रश्नाला नावही दिले आहे. मिश्र सुक्या मेव्याचा डबा हलविला की सर्वांत मोठे दाणे, म्हणजे ब्राझील नट, वर का येतात? दिवाळीच्या चिवड्यात मीठमसाला तळाशी का जातो, हाच तो प्रश्न. त्यावर १९८७ पासून गंभीर निबंध लिहिले गेले आहेत.

आता मुख्य दुखण्याकडे वळू. १९७० साली ब्राझीलच्या लष्करी सरकारने ॲमेझॉन-पार महामार्गाचे काम सुरू केले, आणि त्या दशकात रस्त्यामागोमाग लाकूडवाले व गुरांचे मोठे मालक जंगलात शिरले. पारा प्रांतातील माराबाच्या आसपास या झाडांच्या सर्वांत नावाजलेल्या राया होत्या. त्या पाहता पाहता कुरणे झाल्या. जंगल कापून, जाळून, गवत पेरून गुरे सोडली की जमिनीवर मालकी दाखविता येत असे. उभे जंगल हे 'पडीक' समजले जाई. ब्राझील नट तोडू नये असे सरकारला वाटत होतेच. १९९४ च्या हुकुमान्वये लाकडासाठी हे झाड तोडण्यास बंदी झाली आणि २००६ च्या हुकुमात ती कायम राहिली. परिणाम काय झाला? मालकाने भोवतालचे सगळे जंगल तोडले आणि ब्राझील नट तेवढे ठेवले. आज त्या भागातील छायाचित्रांत मैलोन्‌मैल गवत आणि त्यात सुटी-सुटी उभी असलेली उंच झाडे दिसतात. कायदा अक्षरशः पाळला गेला आहे.

आपल्याकडे बांधावर राखलेला मोह असाच एकटा उभा असतो, पण तो दर उन्हाळ्यात फुलांचा सडा घालतो आणि घरची चूल त्यावर चालते. कुरणातले ब्राझील नट तसे नाही. फणा उचलणारी माशी तेथे येत नाही. जंगल जवळ असेल तर थोडी फळे धरतात, लांब असेल तर नावालाच. पडलेली बी पुरण्यास अगूती नाही. चुकून रोप आलेच तर गुरे तुडवितात. दरवर्षी गवताला लावलेल्या आगीत खोडे भाजतात आणि भोवतालचा आधार गेल्यामुळे वाऱ्यात झाडे मोडतात. ती मरतात सावकाश, कोणी कुऱ्हाड न लावता, त्यामुळे त्यांच्या मरण्याची कोठे गुन्हा म्हणून नोंद होत नाही. कायदा करणाऱ्यांची दानत वाईट होती असे मी म्हणणार नाही. त्यांनी झाड मोजले आणि माशी मोजली नाही.

जंगलातल्या माणसांना ही गोष्ट कोणी शिकवावी लागली नाही. ब्राझीलच्या पश्चिम टोकाला आक्रे प्रांतात रबर काढणाऱ्यांनी १९७० नंतरच्या दशकात 'एम्पाते' नावाचा मार्ग काढला : जंगल तोडण्यास टोळी आली की बायकामुलांसह शे-दोनशे माणसांनी जाऊन तिच्या पुढे उभे राहावयाचे व काम बंद पाडावयाचे. याच दशकात, १९७३ पासून, हिमालयात चिपको आंदोलन चालू होते. आक्रेतील पुढारी विल्सन पिन्येरो यांचा १९८० साली खून झाला. त्यानंतर शापुरी गावचे शिको मेंडेस पुढे आले. त्यांची मागणी अशी होती की जंगल राखावयाचे तर माणसांना बाहेर काढून नव्हे. तेथे राहून रबर व ब्राझील नट गोळा करणाऱ्यांच्याच ताब्यात ते द्यावे. २२ डिसेंबर १९८८ रोजी स्वतःच्या घराच्या परसात त्यांना गोळी घालण्यात आली. गुरांचा मालक दार्ली आल्वेस व त्याचा मुलगा दार्सी यांना १९९० मध्ये प्रत्येकी एकोणीस वर्षांची शिक्षा झाली. त्याच वर्षी मार्चमध्ये मेंडेस यांच्या नावाचे सुमारे ९ लाख ७० हजार हेक्टरांचे राखीव क्षेत्र जाहीर झाले, आणि तेथे वेचणाऱ्यांना राहण्याचा व वेचण्याचा हक्क मिळाला. पण हक्क मिळून भाव मिळाला असे नाही. भाव पडला की याच राखीव क्षेत्रातली कुटुंबे चार गुरे बाळगू लागली. आजारपणात गाय ताबडतोब विकता येते. ब्राझील नटला हंगामाची वाट पाहावी लागते. त्यांना दोष देणे आपल्याला सोपे आहे.

माराबाच्या बाजूस गोष्ट अधिक रक्तरंजित झाली. १७ एप्रिल १९९६ रोजी एल्डोराडो डोस काराजास येथे रस्त्यावर निदर्शने करणाऱ्या भूमिहीन शेतमजुरांवर पोलिसांनी गोळीबार केला आणि एकोणीस माणसे मारली गेली. त्या जागी १९९९ मध्ये स्मारक उभारले गेले. ते दगडाचे नाही. कुरणांच्या आगीत मेलेल्या ब्राझील नटची एकोणीस खोडे तेथे उभी केलेली आहेत.

माणसे वेचतात त्याचाही झाडावर भार पडतो का, हा प्रश्न २००३ साली पुढे आला. कार्लोस पेरेस आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ब्राझील, पेरू व बोलिव्हिया येथील तेवीस ठिकाणच्या झाडांची पाहणी करून 'सायन्स' या नियतकालिकात लिहिले की जेथे पिढ्यान्‌पिढ्या जोरात वेचणी झाली आहे तेथे कोवळी झाडे जवळजवळ नाहीत; म्हातारी तेवढी आहेत. झाड चारशे वर्षे जगते, त्यामुळे आज कोणाला काही कमी वाटत नाही, पण मागून येणारे कोणी नाही. शिवाय वेचणारे अगूतीची शिकारही करतात, म्हणजे कुलूपही नेले आणि किल्लीही. हे निष्कर्ष सर्वांनी मान्य केले नाहीत. पुढे इतर ठिकाणी झालेल्या पाहण्यांत वेचणी असूनही पुरेशी रोपे दिसली. त्याच वर्षी युरोपीय संघाने ब्राझीलच्या कवचासकट बियांवर बुरशीच्या विषासाठी, म्हणजे भुईमुगामुळे आपल्याला माहीत झालेल्या अफ्लाटॉक्सिनसाठी, इतके कडक नियम लावले की तो व्यापार मोडल्यातच जमा झाला. ओल्या जंगलात, ताडपत्रीखाली, नदीकाठी माल साठविणाऱ्या माणसाने ते नियम कसे पाळावयाचे, हे ब्रुसेल्समध्ये बसून सांगणे कठीणच होते. नियम मात्र चुकीचा म्हणता येत नाही. ते विष खरोखरच घातक आहे.

याहून वाईट वर्ष २०१७ चे ठरले. २०१५-१६ मध्ये एल निन्योमुळे ॲमेझॉनमध्ये भयंकर दुष्काळ पडला. फळ पिकण्यास सव्वा वर्ष लागते, त्यामुळे त्या वेळी न धरलेल्या फळांची उणीव पुढच्या हंगामात दिसली. वेचणारे नेहमीप्रमाणे जानेवारीत जंगलात गेले आणि बहुतेक झाडांखाली रिकामी जमीन पाहून परत आले. बाजारात भाव दुपटीच्या आसपास गेले. पण ज्याच्याकडे डबाच भरला नाही त्याला त्या भावाचा उपयोग काय?

एवढे सगळे असूनही कोवळी रोपे कोठे अधिक सापडतात याचा शोध घेणाऱ्यांना ती दाट जंगलाऐवजी भलत्याच ठिकाणी मिळाली. अमापा प्रांतात लहान शेतकरी जंगलाच्या कडेला तुकडा तोडून, जाळून, दोन-तीन वर्षे कसावा लावतात आणि मग जमीन पडीक टाकतात. आपल्या डोंगरातल्या दळी जमिनीसारखाच प्रकार. अगूतीला अशी झुडपांची पडीक जमीन आवडते. शेजारच्या जंगलातल्या बिया आणून तो तेथे पुरतो, आणि वर छप्पर नसल्याने ऊन भरपूर असते. काही वर्षांनी शेतकरी पुन्हा त्या तुकड्यावर येतो तेव्हा झुडपे साफ करताना ही रोपे ओळखून बाजूला ठेवतो. कधी झाडोऱ्यात दिसत नाहीत आणि कोयत्याखाली जातात. पण ब्राझील नटचे कोवळे रोप असे कापले गेले तरी बुडख्यातून पुन्हा फुटते. दोन-तीन वेळा कापून फुटलेली, वाकड्या बुंध्याची अशी झाडे त्या पडीक जमिनींत कितीतरी आहेत, आणि त्यांच्या शेजारी जंगल अजून उभे आहे.